पालावरची माणसे आणि जगाची न्यायपीठे : केडगाव परिसरातील विमुक्त-भटके व रोमा चळवळीचा इतिहास

पुणे जिल्ह्यात भीमा नदीच्या एका अंगाला दौंड आणि दुसऱ्या अंगाला शिरूर असे दोन तालुके पसरलेले असून, दौंड तालुक्यातील केडगाव हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्थानक या टापूतील बाजार, ऊस आणि गुऱ्हाळे यांचे जुने केंद्र आहे. इथून बारामती, श्रीगोंदा आणि कर्जतकडे जाणाऱ्या मुलखात फासेपारधी, कैकाडी, वडार, घिसाडी, वैदू आणि कोल्हाटी या जमातींची बिऱ्हाडे पिढ्यान्‌पिढ्या फिरत आली आहेत. कोणी फासे लावून तितर-लाव्हे धरीत, कोणी टोपल्या व कणग्या विणीत, कोणी दगड फोडून घरे आणि विहिरी बांधीत, तर कोणी खेळ आणि नाच करून गावोगाव पोट भरीत. केडगावशेजारच्या चौफुल्यावर आजही उभ्या असलेल्या लावणीच्या कलाकेंद्रांतून या फिरत्या कलावंत घराण्यांचा वारसा टिकून आहे. या जमातींचा इतिहास एरवी जिल्ह्याच्या किंवा फार तर राज्याच्या चौकटीत लिहिला जातो. परंतु ज्या कायद्याने त्यांचे आयुष्य बिघडवले, त्याच्या जोडीचे कायदे त्याच काळात युरोपातही झाले आणि तेथील रोमा लोकांनी त्यांविरुद्ध जी आंतरराष्ट्रीय चळवळ उभारली, तिला भारत सरकारने हातभार लावला. हे ध्यानात घेतले तर भीमाकाठच्या पालांचा इतिहास जगाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

रोमा हे युरोपातील सर्वांत मोठे वांशिक अल्पसंख्याक असून त्यांची संख्या एक कोटी ते सव्वा कोटीच्या दरम्यान धरली जाते. त्यांच्या रोमानी भाषेचे मूळ भारतीय आहे हे जर्मन विद्वान योहान रूडिगर यांनी १७८२ मध्ये मांडले, पुढे राल्फ टर्नर यांनी १९२० च्या दशकात भारतीय आर्यभाषांच्या कुलातील तिचे स्थान अधिक नेमके केले, आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले हे मत आता सर्वमान्य आहे. लोहारकाम, घोड्यांचा व्यापार, अस्वलांचे खेळ आणि वादन हे त्यांचे परंपरागत धंदे घिसाडी, दरवेशी आणि कोल्हाटी यांच्या धंद्यांशी जुळतात. एवढ्या साम्यावरून थेट नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरलेला बरा. कारण इथे तुलना करायची आहे ती रक्ताची नसून राज्यसंस्थेने दिलेल्या वागणुकीची.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. या कायद्यान्वये सरकार एखादी संपूर्ण जमात अधिसूचनेद्वारे गुन्हेगार ठरवू शके आणि तशी ठरवली गेल्यावर त्या जमातीच्या माणसाला स्वतःचे नाव सरकारी नोंदवहीत लिहवून घ्यावे लागे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून मुक्कामाचे ठिकाण सोडता येत नसे. प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू असलेला हा कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश मुलखात लागू झाला, बोटांचे ठसे घेण्याची तरतूद त्यात आली, ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास किमान सात वर्षांची आणि तिसऱ्यांदा ठरणाऱ्यास जन्मठेप-काळ्यापाण्याची शिक्षा सांगितली गेली, आणि मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. १९२४ मध्ये हा सारा मजकूर नव्याने एकत्र केला गेला. गुन्हा ही व्यक्तीची कृती न मानता कुळाचा धर्म मानणे हा या कायद्याचा पाया होता, आणि जातीने धंदा ठरतो या समजुतीला त्याने सरकारी शिक्का दिला. इंग्रजांना ही कल्पना इथल्या समाजात शोधत हिंडावी लागली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

मुंबई इलाख्यात या कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याकडे होती आणि त्याच्या देखरेखीखाली सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. सेटलमेंट या नावाने लोकांच्या तोंडी रुळलेल्या या वसाहती तारेच्या कुंपणाने वेढलेल्या असत. आतील माणसांना गिरण्यांत, कालव्यांवर किंवा शेतात कामाला जाता येई, पण हजेरीच्या वेळेला परतावे लागे. सोलापूरच्या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. सुधारणेच्या भाषेत चालवलेल्या या व्यवस्थेमुळे गिरण्यांना स्वस्त आणि पळून न जाणारे मजूर मिळाले, ही तिची दुसरी बाजू होय. हाच स्टार्ट १९२८ मध्ये नेमलेल्या दलित वर्ग व आदिवासी जमाती समितीचा अध्यक्ष होता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. या समितीने १९३० च्या अहवालात मागासवर्गीयांचे दलित वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग असे तीन भाग सुचवले व भटक्या जमातींना तिसऱ्या भागात घातले. पुढच्या राजकारणात भटके वेगळे पडले, त्याची एक सुरुवात या वर्गवारीत दिसते.

युरोपातील घडामोडींशी या तारखा ताडून पाहण्यासारख्या आहेत. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्ये रोमांची माहिती गोळा करणारे खास कार्यालय उघडले आणि १९०५ मध्ये हजारो माणसांच्या नोंदींचे पुस्तक छापले. फ्रान्सने १९१२ मध्ये, मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमाती कायदा आल्याच्या पुढच्याच वर्षी, भटक्यांना शरीराची मापे आणि बोटांचे ठसे असलेली ओळखवही बाळगण्याची सक्ती केली, आणि ती वही गावात येताना व गाव सोडताना अधिकाऱ्यांना दाखवावी लागे. स्वित्झर्लंडमध्ये १९२६ पासून १९७३ पर्यंत एका प्रतिष्ठित बालकल्याण संस्थेने येनिश या भटक्या समाजाची मुले आईबापांपासून काढून घेतली, आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी १९८६ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. लंडन, पॅरिस, म्युनिक आणि मुंबई येथील कारभाऱ्यांनी एकमेकांना विचारून हे केले असे म्हणण्याचे कारण नाही. स्थिर शेती, स्थिर मालमत्ता आणि स्थिर पत्ता यांवर उभ्या राहिलेल्या आधुनिक राज्याला फिरता माणूस मुळातच संशयास्पद वाटत होता आणि ठसे, छायाचित्रे व नोंदवह्या ही त्या संशयाची नवी साधने हाती आली होती.

जर्मनीत ही साधने संहाराच्या कामी आली. म्युनिकच्या नोंदी १९३८ मध्ये बर्लिनच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे गेल्या, त्यांच्या आधारे रोमा व त्यांच्याच समूहातील सिंती कुटुंबांची वर्गवारी झाली, नाझी नेता हिमलर याच्या डिसेंबर १९४२ च्या आदेशाने हजारोंना आउश्वित्झला पाठवण्यात आले, आणि महायुद्ध संपेपर्यंत किमान दोन लाख रोमा मारले गेले. यापुढचा भाग मात्र मराठी वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. पश्चिम जर्मनीच्या संघीय न्यायालयाने १९५६ मध्ये निर्णय दिला की १९४३ पूर्वी रोमांवर झालेली कारवाई वंशद्वेषातून झालेली नसून गुन्हेगारी रोखण्यासाठी केलेली पोलिसी उपाययोजना होती, म्हणून त्या काळातील छळाची भरपाई त्यांना देय नाही. छळछावणीतून जिवंत परतलेल्या माणसाला न्यायालयच पुन्हा जन्मजात गुन्हेगार ठरवत होते. याविरुद्ध १९८० च्या ईस्टरला सिंती कार्यकर्त्यांनी दाखाऊ येथील छळछावणीच्या जागेवर उपोषण केले आणि बव्हेरियन पोलिसांकडील जुन्या नोंदींचा हिशेब मागितला. १९८२ मध्ये चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी हा छळ वंशाधारित होता हे जर्मन सरकारच्या वतीने मान्य केले. नोंदवही नाहीशी झाल्यावरही तिच्यातला संशय कायद्याच्या भाषेत जगतो, हे या प्रकरणातून दिसते.

भारतातही तसेच घडले. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आणि केंद्र सरकारने अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला, या जमातींना विमुक्त म्हटले गेले आणि त्या समाजांत ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जाऊ लागला. परंतु निरनिराळ्या प्रांतांनी सराईत गुन्हेगारांसाठी वेगळे कायदे केले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. कागदावर जमातीचे नाव पुसले गेले आणि व्यक्तीची नोंद ठेवण्याची रीत चालू राहिली. चोरी झाली की आधी पालावर जायचे ही पोलिसांची जुनी सवय आणि तिला गावाची मूक संमती, या दोन गोष्टी कोणत्याही कायद्याने रद्द झाल्या नाहीत. दुसरीकडे पोटाचे साधनही गेले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला तेव्हा पारध्यांचा पिढीजात धंदा एका फटक्यात गुन्हा ठरला आणि त्याच्या बदल्यात जमीन किंवा काम देण्याची कोणतीही तजवीज त्या कायद्यासोबत झाली नाही. वन्यप्राण्यांचे रक्षण आवश्यक होते यात शंका नाही. त्याची सगळी किंमत मात्र सर्वांत दुबळ्या माणसाने चुकती केली.

विमुक्तांच्या पदरी असे अर्धवट स्वातंत्र्य पडले असताना रोमांच्या जागतिक चळवळीचा उगम झाला. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळच्या ऑर्पिंग्टन येथे पहिली जागतिक रोमानी परिषद भरली, तिच्या खर्चाचा काही भाग जागतिक चर्च परिषदेने आणि भारत सरकारने उचलला, आणि निळ्या-हिरव्या पार्श्वभूमीवर भारतीय चक्राची आठवण देणारे सोळा आऱ्यांचे तांबडे चाक असलेला ध्वज तिथे स्वीकारला गेला. परिषदेला उपस्थित असलेले भारतीय मुत्सद्दी व भाषाभ्यासक वीर राजेंद्र ऋषी यांनी नंतर चंदीगडला रोमानी अभ्यासासाठी संस्था काढली. १९७८ च्या जिनिव्हा परिषदेतून आंतरराष्ट्रीय रोमानी संघटना आकाराला आली आणि १९७९ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत सल्लागार दर्जा मिळाला, म्हणजे सदस्य राष्ट्र नसतानाही तिला तिथे आपले म्हणणे मांडता येऊ लागले. चंदीगडच्या १९८३ च्या रोमा महोत्सवाचे उद्घाटन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी केले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय रोमा परिषदेत परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरे म्हणून गौरवले. या आत्मीयतेत खोटे काही नव्हते. परंतु हजार वर्षांपूर्वी गेलेल्या लेकरांसाठी जी माया दिल्लीत दाखवली गेली, तिचा अंशही देशातल्या पालांपर्यंत पोचला नाही, हे दुःखाने म्हणावे लागते.

महाराष्ट्रातील चळवळीला स्वतःचा आवाज सापडला तो सत्तर-ऐंशीच्या दशकांत. बाळकृष्ण रेणके यांनी भटक्यांच्या संघटनेचे काम हाती घेतले, आणि कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या दोन आत्मकथनांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाल्यावर मराठी वाचकाला या जगाकडे पाठ फिरवणे अवघड झाले. १९९८ हे वर्ष मात्र निर्णायक ठरले. त्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा विमुक्त जमातीचा तरुण पोलिसांच्या ताब्यात मरण पावला, आणि महाश्वेता देवी, मूळचे भोरचे असलेले गणेश देवी व लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. त्याच जूनमध्ये बारामतीत एका पारधी मजुराचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि केडगावपासून जवळच्या या गावाचे नाव देशभरच्या मानवी हक्क चळवळीत पोचले. जुलैमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने बुधनच्या प्रकरणात भरपाई आणि केंद्रीय तपासाचा आदेश दिला, अहमदाबादच्या छारानगर या विमुक्तांच्या वस्तीतील तरुणांनी बुधन थिएटर उभारून बुधनचा आणि बारामतीचा असे दोन्ही मृत्यू रंगमंचावर आणले, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये सराईत गुन्हेगार कायदा रद्द करण्याची शिफारस केली.

यापुढे प्रश्न उभा राहिला तो देशाबाहेर दाद मागावी की नाही हा. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद झाली, तेव्हा तिच्या जाहीरनाम्यात रोमांवरील भेदभावाला स्वतंत्र स्थान मिळाले. जातिभेदाचा उल्लेख मात्र भारत सरकारच्या विरोधामुळे झाला नाही. जात म्हणजे वंश नव्हे ही सरकारची भूमिका शास्त्रीयदृष्ट्या मांडता येण्याजोगी आहे, पण घरचे प्रश्न परक्यांपुढे नेणे हा देशाचा अपमान होय असा जो सूर त्या वेळी उमटला, तो केडगावच्या इतिहासाला नवा नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी सुरू केलेल्या शारदा सदनाचा खर्च बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या देणग्यांतून चालत असे. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात वादळ उठले व न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले, तेव्हा परदेशी पैशाचा मुद्दा वारंवार पुढे आला. रमाबाई पुढे केडगावला स्थिरावल्या, १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनी मुक्तिसदनात आणल्या, आणि तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्या धर्मविषयक निर्णयांबद्दल मतभेद असोत. ज्यांना जवळच्या समाजाने दार बंद केले त्यांच्यासाठी दूरच्या समाजाचे दार ठोठावणे हा द्रोह नाही, हे केडगावच्या त्या वास्तूने एका शतकापूर्वी दाखवून दिले होते. मात्र बोस्टनच्या देणग्यांनी विधवांना आसरा मिळाला, तरी वारसाहक्क मिळाला नाही. त्यासाठी १९३७ चा आणि नंतर १९५६ चा कायदा व्हावा लागला. बाहेरच्या मदतीची पोच आणि मर्यादा दोन्ही त्यातून कळतात.

विमुक्त-भटक्यांच्या बाबतीत बाहेरचे दार २००७ मध्ये किलकिले झाले. वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही असल्याने त्याच्या पालनाचा अहवाल जिनिव्हातील एका तज्ज्ञ समितीपुढे ठेवावा लागतो. या समितीने २००० मध्ये रोमांवरील भेदभावाबद्दल आणि २००२ मध्ये जन्मकुळावर आधारलेल्या भेदभावाबद्दल सर्वसाधारण शिफारसी काढल्या होत्या, आणि २००७ मध्ये भारताच्या अहवालावर मत देताना विमुक्त व भटक्या जमातींवरील कलंक सराईत गुन्हेगार कायद्यातून चालू असल्याबद्दल चिंता व्यक्त करून तो कायदा रद्द करावा व या जमातींचे परिणामकारक पुनर्वसन करावे, असे सांगितले. पुढच्याच वर्षी रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने या समाजांची संख्या सुमारे पावणेअकरा कोटी असल्याचा अंदाज देत सविस्तर अहवाल सादर केला, आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने दशकभराने पुन्हा तेच काम केले. जिनिव्हाची शिफारस बंधनकारक नव्हती आणि आयोगांचे अहवालही बंधनकारक नव्हते. दोन्ही कपाटात राहिले.

रोमांची चळवळ पुढे गेली ती बंधनकारक न्यायपीठ हाती असल्यामुळे. १९९६ मध्ये बुडापेस्ट येथे स्थापन झालेल्या युरोपियन रोमा राइट्स सेंटर या संस्थेने निवडक दावे युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेण्याची पद्धत पाडली. चेक प्रजासत्ताकातील ऑस्त्राव्हा शहरात रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळांत घालण्याचे प्रमाण इतर मुलांच्या सत्तावीस पट असल्याचे आकडे गोळा करून अठरा मुलांच्या वतीने लढलेल्या दाव्यात न्यायालयाच्या मोठ्या पीठाने नोव्हेंबर २००७ मध्ये हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. नियम सर्वांना सारखा दिसत असला तरी त्याचा भार एकाच समाजावर पडत असेल तर तो अप्रत्यक्ष भेदभाव होय, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. त्याहून केडगाव परिसराला जवळचा वाटावा असा निकाल एप्रिल २०१२ चा आहे. बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे सार्वजनिक जमिनीवर अनेक दशके विनापरवाना राहणाऱ्या रोमांना हटवण्याचा आदेश निघाला होता; घरे बेकायदा असली तरी इतक्या वर्षांच्या वस्तीचा, पर्यायी निवाऱ्याचा आणि वंचित समाजाच्या विशेष गरजांचा विचार न करता त्यांना हाकलणे हा कुटुंब व निवारा यांच्या हक्काचा भंग ठरेल, असे न्यायालयाने सांगितले.

दौंड, शिरूर, श्रीगोंदा या पट्ट्यात पारधी कुटुंबांची पाले बहुतेक गायरानावर, म्हणजे गुरे चरण्यासाठी राखलेल्या गावच्या जमिनीवर असतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश देताना भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या भाडेपट्ट्यांसाठी अपवादाची वाट मोकळी ठेवली होती. परंतु त्या अपवादाचा लाभ घेण्यासाठी कागद लागतो, आणि कागदापाशीच भटक्या माणसाचे घोडे अडते. महाराष्ट्रात विमुक्त व भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे राज्यातील वास्तव्य २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे असल्याचे दाखवावे लागते आणि अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या फासेपारध्यांना त्याहून अकरा वर्षे मागे, १९५० मध्ये जावे लागते. ज्यांना राज्याने कुंपणाबाहेर जाण्यास मनाई केली आणि कुंपण सुटल्यावर कुठल्याच गावाने थारा दिला नाही, त्यांच्याकडून हेच राज्य स्थिर रहिवासाचा पुरावा मागते. त्यात कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि पुणे जिल्ह्यात विमुक्त जातीत, बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत, अशी वर्गवारी असल्याने सीमा ओलांडली की माणसाचा दर्जाच बदलतो. युगोस्लाव्हिया फुटल्यावर हजारो रोमांना कोणत्याच नव्या देशाचे नागरिकत्व सिद्ध करता आले नाही. आपल्याकडे देश फुटला नाही, तरी गत फारशी वेगळी नाही.

संशयाचे मूळ किती खोल आहे हे जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. रोमा लोक मुले पळवतात ही अफवा युरोपातही शतकानुशतके माणसे मारीत आली आहे. आता ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीय भेदभावाविषयीच्या निकालात विमुक्त जमातींना जन्मावरून सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तुरुंग नियमावल्यांतील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आहेत आणि या जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये यासाठी पोलिसांना बजावले आहे. म्युनिकच्या नोंदींपासून श्मिट यांच्या कबुलीपर्यंत त्र्याऐंशी वर्षे लागली. भारतात १८७१ पासून या निकालापर्यंत एकशे त्रेपन्न वर्षे गेली. म्हणून रोमांच्या चळवळीकडून घ्यायचे ते ध्वजावरचे चाक नव्हे, तर आकडे जमवण्याची, एकेक दावा शेवटपर्यंत लढवण्याची आणि आपल्या वतीने आपणच बोलण्याची पद्धत. आणि दौंड-शिरूरच्या महसूल व पोलीस कार्यालयांनी जिनिव्हाची किंवा दिल्लीची वाट न पाहता पालावर जाऊन स्थानिक चौकशीच्या आधारे दाखले द्यावेत, राहत्या जागा नावे कराव्यात आणि चोरी झाली की पालाकडे धाव घेण्याची रीत सोडावी. यातले बरेचसे आजच्या कायद्याच्या चौकटीतही करता येते.